बालाघाटाच्या माळावरची मेंढी : वाण सुधारण्याची वाट



मार्गशीर्षाच्या वद्य चतुर्दशीला नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. खंडोबाच्या पालखीबरोबरच ही यात्रा ओळखली जाते ती जनावरांसाठी. घोडे, गाढवे, उंट, गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या असे सारे पशुधन तेथे एका माळावर पाहावयास मिळते. तांबूस अंगाची लाल कंधारी गाय आणि पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा देवणी वळू यांच्याभोवती जाणकारांचा घोळका जमतो. शिंग, खांदा, खूर, कास यांची पारख होते. आजा-पणजाच्या वंशाची चौकशी होते. त्याच यात्रेत एका कडेला काळ्या मेंढ्यांचा कळप उभा असतो. त्याच्याभोवती मात्र वंशाची चौकशी करणारा कोणी नसतो. तेथे विचारले जाते ते एवढेच : वजन किती आणि भाव काय?

हा फरक किरकोळ नाही. मराठवाड्याच्या या भागातील शेतकऱ्याने गाईचे दोन नामवंत वाण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडविले. कंधार परिसरात लाल कंधारी आणि उदगीर-देवणी परिसरात देवणी. देवणीतही वानेरा, बालंक्या व शेवरा असे पोटभेद केवळ रंगावरून ओळखण्याइतकी सूक्ष्म नजर या लोकांनी कमावली. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाची जोडी पाहताच तिचा वंश सांगणारी माणसे आहेत. ही नजर मेंढीच्या बाबतीत कामाला लागली, तर काय घडू शकेल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

माळ आणि मेंढी

बालाघाटाची डोंगररांग अहिल्यानगर, बीड, लातूर अशी पूर्वेकडे उतरत नांदेड जिल्ह्यातील कंधार-मुखेडपर्यंत पोचते. लातूर जिल्ह्याचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीच्या पठारावर आहे. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी आणि तिरू या नद्यांच्या खोऱ्यांत काळी कसदार जमीन आहे. परंतु अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेड या तालुक्यांतील उंचवट्यांवर मुरमाड, उथळ बरड पसरले आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. पाऊस कागदावर पुरेसा दिसतो. पण तो वेळेवर येईलच याची शाश्वती नसते. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण तर ताजीच आहे.

अशा प्रदेशात जे जनावर टिकते, त्याच्या अंगी काही गुण असलेच पाहिजेत. दख्खनी मेंढी ही महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगणाच्या पठारावरची मेंढी. तिचा बांधा लहान, रंग बहुधा काळा किंवा काळा-पांढरा मिश्र. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन साधारण तीस किलोच्या आसपास भरते. ती दिवसभर चालते, उन्हात माना एकमेकींच्या सावलीत घालून उभी राहते, कापलेल्या शेतातील धसकटे, बांधावरचे गवत, बाभळीच्या शेंगा यांवर गुजराण करते. तिच्या लहान बांध्याला अनेकजण दोष समजतात. वस्तुतः तो या माळाशी झालेला करार आहे. मोठ्या देहाला केवळ जगण्यासाठी जास्त चारा लागतो. आणि चैत्र-वैशाखात माळावर तो नसतो. ज्या ऋतूत मोठे जनावर अंगावरचे मांस गमावते, त्या ऋतूत लहान जनावर तग धरते.

तथापि याच मेंढीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ती एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. लोकर वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपास निघते, तीही जाडीभरडी. घोंगडीच्या उपयोगाखेरीज या लोकरीला फारशी मागणी नाही, आणि घोंगडीचा वापरच ओसरल्याने कातरणीचा खर्चही पुष्कळदा निघत नाही. म्हणजे मेंढपाळाचे उत्पन्न आता जवळजवळ सर्वस्वी कोकरावर अवलंबून आहे. कळपातील किती मेंढ्या व्याल्या, किती कोकरे जगली आणि विक्रीच्या वेळी त्यांचे वजन किती भरले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतच त्याचा संसार सामावलेला आहे.

परदेशी रक्ताचा धडा

मेंढीची उत्पादकता वाढविण्याचा विचार नवा नाही. स्वातंत्र्योत्तर काळात देशाला तलम लोकर हवी होती. त्या दृष्टीने रॅम्बुले व मेरिनो या परदेशी जातींच्या मेंढ्यांशी दख्खनीचा संकर करण्याचे प्रयोग झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही हे काम अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाखाली चालले. संकरित जनावरांची लोकर तलम झाली, यात शंका नाही. परंतु प्रक्षेत्रावर खुराक व निवारा मिळालेले जनावर आणि माळावर दहा-बारा किलोमीटर चालणारे जनावर यांच्या गरजा भिन्न असतात. परदेशी रक्ताची जनावरे उष्णतेला व नीलजिव्हेसारख्या रोगांना अधिक बळी पडत. शिवाय घोंगडी विणणाऱ्याला तलम पांढरी लोकर नको होती; त्याला काळी, दणकट लोकर हवी होती. त्यामुळे मेंढपाळाच्या कळपात हा संकर रुजला नाही. कालांतराने शास्त्रज्ञांचे लक्ष लोकरीकडून मांसाकडे आणि संकराकडून स्थानिक वाणातील निवडीकडे वळले.

दूरच्या एका देशाचा अनुभवही असाच आहे. इथियोपियात मेन्झ नावाचा थंड व कोरडा पहाडी प्रदेश आहे. अडीच-तीन हजार मीटर उंचीवरील त्या मुलखात धान्यापेक्षा मेंढीवरच शेतकऱ्याची भिस्त असते. तेथील लहानखुऱ्या मेंढीशी मोठ्या आवासी जातीच्या मेंढ्याचा संकर करण्याचा कार्यक्रम अनेक वर्षे राबविण्यात आला. पण गावपातळीवर त्यातून अपेक्षित लाभ हाती आला नाही. मग २००९ च्या सुमारास तेथे वेगळी वाट धरण्यात आली. गावातील सर्व मेंढपाळांनी आपापली नर कोकरे एकत्र आणावयाची, वजन व आईची नोंद पाहून त्यांतील उत्तम नर सर्वांनी मिळून निवडावयाचे आणि ते आळीपाळीने सर्व कळपांत वापरावयाचे. बाहेरचे रक्त नाही, मोठी गुंतवणूक नाही. वाण तेथलाच, नजर तेथल्याच लोकांची; शास्त्राचे काम एवढेच की नोंदी ठेवावयास शिकविणे.

ब्रिटनमधील डोंगराळ भागांतही शतकानुशतकांच्या अनुभवातून अशीच एक व्यवस्था रूढ झाली आहे. उंच, वाऱ्यापावसाच्या माथ्यावर काटक स्थानिक मेंढी शुद्ध वाणानेच राखली जाते. चार-पाच वेत झालेल्या मेंढ्या खालच्या सुपीक भागातील शेतकऱ्यांना विकल्या जातात, आणि मोठ्या जातीच्या मेंढ्याशी संकर होतो तो तेथे, जेथे चारा आहे. माळाला माळाची मेंढी आणि खोऱ्याला खोऱ्याची, हे त्यातील सूत्र. मांजरा-मन्याडच्या काठी बागायती चारा असलेल्या शेतकऱ्याने बंदिस्त पद्धतीने संकरित कोकरे वाढविली, तर त्यात गैर काही नाही. परंतु मुखेडच्या बरडावरील कळपात तो प्रयोग करताना शंभरदा विचार केला पाहिजे.

बाजार उत्तम नर नेतो

या भागातील मेंढीच्या वाणाला खरा धोका कोणता, हे शांतपणे पाहिले पाहिजे. तो दुष्काळाचा नाही आणि रोगाचाही नाही. तो बाजाराचा आहे.

तीन-चार महिन्यांचे कोकरू विक्रीस निघते तेव्हा व्यापारी कळपावर नजर फिरवितो आणि जे सर्वांत भरदार नर असतील ते आधी उचलतो. बकरी ईदच्या तोंडावर तर अंगापिंडाने उठावदार नराला हवा तो भाव मिळतो. हैदराबादची मोठी मांसाची बाजारपेठ या जिल्ह्यांना जवळ आहे. तिची मागणी वर्षभर असते. मेंढपाळाला पैशाची निकड असते. मुलांची फी, औषधपाणी, लग्नकार्य कोणासाठी थांबत नाही. तो विकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु परिणाम असा होतो की, ज्याचे वजन भरले नाही, ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, तो नर कळपात मागे राहतो आणि पुढे तोच कळपाचा बाप होतो.

गाईच्या बाबतीत कोणीही शेतकरी असे करणार नाही. देवणीचा सर्वांत चांगला गोऱ्हा तो वळू म्हणून राखेल. मेंढीच्या बाबतीत मात्र दर वर्षी उत्तम ते बाहेर आणि हलके ते घरात, अशी उलटी निवड नकळत चालू आहे. पिढीगणिक होणारी ही झीज डोळ्यांना दिसत नाही. दहा-पंधरा वर्षांनी वृद्ध मेंढपाळ म्हणतो की, पूर्वीच्या मेंढ्या अशा नव्हत्या. त्याचे म्हणणे पुष्कळदा चाऱ्याच्या टंचाईवर घातले जाते. चारा कमी झाला हे खरेच आहे. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतल्यापासून कडबा घटला, गायरानेही आक्रसली. पण काही दोष निवडीचाही आहे.

एका मेंढ्याचा हिशेब

ही झीज थांबविता येते आणि उलटही फिरविता येते. त्यासाठी एक साधा हिशेब उदाहरणादाखल पाहावा.

समजा, कळपातील कोकरांचे तीन महिन्यांचे सरासरी वजन १२ किलो आहे. त्यांतील एक नर १५ किलोंचा निघाला. हे तीन किलो अधिक वजन सर्वच्या सर्व त्याच्या रक्तातले नसते. त्यात आईचे दूध, जन्माचा हंगाम, एकट्याने पाजलेले असणे अशा अनेक गोष्टींचा वाटा असतो. आनुवंशिकतेचा वाटा स्थूलमानाने पाचवा हिस्सा धरला, तर तो सहाशे ग्रॅम होतो. संततीत बापाकडून निम्मेच येते, म्हणजे तीनशे ग्रॅम. हा नर राखला तर त्याच्या प्रत्येक कोकराचे वजन सरासरी तीनशे ग्रॅमने वाढेल.

तीनशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण कळपात वर्षाला ४० कोकरे जन्मत असतील, तर ते १२ किलो होतात. म्हणजे एका संपूर्ण कोकराच्या वजनाइतके. त्यासाठी वेगळा चारा पेरावा लागला नाही की औषध आणावे लागले नाही. एक नर विकण्याचा मोह आवरला, एवढेच. शिवाय खुराकाने वाढलेले वजन खुराक थांबला की थांबते. रक्तातून आलेले वजन मुलींमध्ये उतरते, नातींमध्ये उतरते, आणि पुढील निवडीची भर त्यावर पडत जाते. याउलट सरासरीपेक्षा दोन किलोंनी हलका नर बाप झाला, तर याच हिशेबाने प्रत्येक कोकरू दोनशे ग्रॅमने घटते, आणि ती घटही साठत जाते.

निवडीचे नियम कठीण नाहीत. नर निवडताना केवळ त्याचे वजन न पाहता त्याची आईही पाहावी. जी मेंढी दर वर्षी नियमाने व्याली, जिचे कोकरू जगले, जिला दूध चांगले आहे, अशा मेंढीचा नर श्रेष्ठ समजावा. एकाच पंधरवड्यात जन्मलेल्या कोकरांचीच परस्परांशी तुलना करावी. कार्तिकातील आणि माघातील कोकरू एका मापाने मोजू नये. पंचवीस ते तीस मेंढ्यांमागे एक जातिवंत मेंढा पुरेसा होतो. उरलेले जे नर कळपात ठेवावयाचे असतील, त्यांचे लहान वयातच पशुवैद्यकाकडून बर्डिझो चिमट्याने खच्चीकरण करून घ्यावे. दोन वर्षांनी मेंढा बदलावा. अन्यथा तो स्वतःच्याच मुलींना भरू लागतो आणि जवळच्या नात्यातील पैदाशीमुळे कोकरे दुबळी निपजतात.

एका कळपात वर्षाला वीस-एक नर जन्मतात. त्यांतून निवडून निवडणार किती? पण गावातील दहा कळप एकत्र आले, तर निवडीला दोनशे नर मिळतात, आणि दोनशेतील पहिला हा वीसातील पहिल्यापेक्षा सहसा सरस असतो. गावच्या मेंढपाळांनी मिळून पाच-सहा उत्तम नर राखावेत. त्यांच्या मालकाला बाजारभावाइतकी रक्कम सर्वांनी वर्गणीतून द्यावी. आणि ते नर कळपाकळपांत फिरवावेत. मालकाचे नुकसान झाले नाही, तरच उत्तम नर गावात राहील. वाण सुधारण्याच्या साऱ्या खटाटोपाची किल्ली या एका व्यवहारात आहे.

जुळ्यांचा प्रश्न

उस्मानाबादी शेळी याच माळावर चरते आणि जुळी, क्वचित तिळीही देते. मग मेंढीने एकावरच का थांबावे, असा प्रश्न मेंढपाळ विचारतात. या प्रश्नाचे एक उत्तर सातारा जिल्ह्यातील फलटण येथे शोधले गेले. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील गरोळ नावाची अगदी लहान मेंढी आणली. ही मेंढी जुळी देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तिच्यातील या गुणामागे एकच प्रभावी जनुक असून, अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तो तेथील बुरूला मेरिनोमध्ये पोचला, असे शास्त्रज्ञ मानतात. २००१ मध्ये हा जनुक नेमका ओळखला गेला आणि रक्ताच्या नमुन्यावरून तो तपासता येऊ लागला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियातील संस्था यांच्या सहकार्याने फलटणच्या संस्थेने हा जनुक दख्खनीत उतरविला आणि पुनःपुन्हा दख्खनीशी मिलन घडवून गरोळचा लहान देह मागे टाकला. यातून जी मेंढी सिद्ध झाली, ती ‘नारी सुवर्णा’ होय. जनुकाची एक प्रत असलेल्या माद्या सरासरीने वेताला सुमारे दीड कोकरू देतात. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनेही याच जनुकाच्या आधारे ‘अविशान’ ही मेंढी तयार केली.

ही कामगिरी मोलाची आहे. परंतु ती अटीसह येते. जुळ्यांचे जन्मवजन कमी असते आणि दूध मात्र दोघांत वाटले जाते. गर्भाची बहुतेक वाढ अखेरच्या दीड महिन्यात होते. त्या काळात मेंढीला रोज थोडे धान्य वा पेंड मिळाली नाही, तर दोन कोकरे जन्मूनही एकही हाती न लागण्याची भीती असते. म्हणून ज्याच्याजवळ थोडा चारा, थोडे खाद्य आणि दुबळ्या कोकराला बाटलीने दूध पाजणारी घरातील माणसे आहेत, त्याने जुळ्यांचा विचार करावा. ज्याचा कळप बारमाही फिरता आहे, त्याने एकच कोकरू, पण भरदार व जगणारे, हेच उद्दिष्ट ठेवणे हिताचे. दोन्ही वाटा सन्मानाच्याच आहेत. निवड आपल्या माळाकडे पाहून करावयाची आहे.

पैदाशीबरोबर जोपासना

उत्तम वाणालाही जोपासना हवी. मृगाच्या सरींनंतर हिरवा चारा फुटला की मेंढ्या माजावर येतात. त्याआधी दोन-तीन आठवडे रोज दोनशे ग्रॅमपर्यंत धान्याची भर घातल्यास गाभण राहण्याचे प्रमाण वाढते. गर्भकाळ पाच महिन्यांचा असल्याने ही कोकरे दिवाळीनंतर, सुगीच्या शिवारात जन्मतात आणि आईला चारा मिळतो. आंत्रविषार व पीपीआर यांच्या लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचून घ्याव्यात. पावसाळ्याच्या आधी व नंतर जंतनाशक पाजावे. सोयाबीन व तुरीचे भुसकट, हरभऱ्याचा घाटा आणि सुबाभूळ-शेवरीचा पाला यांचा साठा उन्हाळ्याच्या तोंडी घरात असावा. उन्हाळ्यात जो कळप शेतकऱ्याच्या रानात बसतो, त्याच्या लेंडीखताने त्या शेताचे पोट भरते. म्हणून मेंढपाळ व शेतकरी यांचे जुने नाते टिकविणे हेही चाऱ्याच्याच हिताचे आहे.

शासनाने १९७८ मध्ये स्थापन केलेले आणि आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने चालणारे महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ पैदाशीचे नर उपलब्ध करून देण्याचे काम करीत आले आहे. त्याच्या प्रक्षेत्रांपैकी एक नांदेड जिल्ह्यात मुखेड येथे आहे. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू झाली. तिच्यात वीस मेंढ्या व एक मेंढा अशा गटासाठी ७५ टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. या सर्व साधनांचा उपयोग आहे; परंतु बाहेरून आलेला एक मेंढा कळपाला जी दिशा देतो, ती पुढच्या पिढीत टिकवावयाची की गमवावयाची, हे मेंढपाळाच्याच हाती आहे.

बंधू-भगिनींनो, लाल कंधारी आणि देवणी हे वाण कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मले नाहीत. कोणीतरी एका शेतकऱ्याने अडचणीच्या वर्षीही आपला सर्वांत चांगला गोऱ्हा विकला नाही, आणि त्याच्या शेजाऱ्याने तसेच केले. त्यातून ते घडले. काळ्या मेंढीला तेवढाच मान मिळाला, तर तिच्याही वंशाची चौकशी होऊ लागेल. येत्या हंगामात व्यापारी दारात येईल तेव्हा कळपातील पहिल्या नराच्या गळ्यात एक दोरी बांधून तो बाजूला घ्यावा. तो विक्रीचा नाही, एवढे सांगण्यापासून या कामाला सुरुवात होते.